बाबांच्या खाटेजवळचा अभ्यास

मी बी.एस्सी. झाले त्या वर्षी माझं नागपूरला जायचं ठरलं होतं. देशातल्या मोठ्या संस्थांमध्ये भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करायचं असेल तर एक सामाईक परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेचा क्लास नागपूरला होता. आमचं गाव सालेकसा तालुक्यात, जंगलाला लागून. अशी काही परीक्षा असते हे मलाही शेवटच्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. गोंदियाच्या कॉलेजातले आमचे सर एकदा प्रॅक्टिकलची वही तपासता तपासता म्हणाले, "बी.एड.चा फॉर्म भरायच्या आधी ही परीक्षा एकदा देऊन बघ. तुझं गणित चांगलं आहे." बस, एवढंच.

घरी येऊन बाबांना सांगितलं तेव्हा ते बैलांना पाणी दाखवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि दुसऱ्या बैलाकडे वळले. बाबांचा होकार असाच असायचा. ते वनखात्यात मजुरी करायचे. रोपवाटिकेत रोपं भरायची, उन्हाळ्यात आग पसरू नये म्हणून जाळरेषा साफ करायच्या, आणि उरलेल्या वेळात आमची धानाची थोडी शेती. बोलणं फार कमी. संध्याकाळी घरी आले की जेवून सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, खाटेवर बसून राहायचे. आई एकटी बोलायची आणि ते हुंकार द्यायचे. घरात आम्ही तिघंच होतो. बाबांच्या गप्प राहण्याची आम्हाला इतकी सवय झाली होती की त्यांना बोलावंसं वाटत असेल का, हा विचार कधी मनात आला नाही.

धानाच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत एका सकाळी ते हातपंपावर तोंड धूत होते. हातातला गडवा खाली पडला. ते उचलायला वाकले, पण उजवा हात पुढे गेलाच नाही. आईला वाटलं पाय घसरला. मी धावत गेले तर त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि काहीतरी सांगायचा प्रयत्न चाललेला. आवाज येत होता, शब्द होत नव्हता.

गोंदियाच्या दवाखान्यात आम्ही बरेच दिवस काढले. उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. घरी सोडायच्या आधी डॉक्टरीण बाईंनी मला बाजूला बोलावलं. गोंदियात सगळे हिंदीच बोलतात, त्याही हिंदीतच बोलल्या. "थोड़ा-थोड़ा समझते हैं. अभी बोल नहीं पाएँगे. आप लोग इनसे बात करते रहना. कुछ भी बोलो, मगर चुप मत बैठना."

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "यंदा राहू दे नागपूर." मीही राहू दिलं. रडले वगैरे नाही. त्या दिवसांत रडण्यासाठी जागाच नव्हती. रोवणी अर्धी राहिली होती, ती आईनं अंगावर घेतली. बाबांना उठवणं, पुसणं, भरवणं, कुशीवर वळवणं आणि डॉक्टरीण बाईंनी सांगितलेलं बोलणं माझ्याकडे आलं.

आधी मी जे सुचेल ते सांगत गेले. आज ऊन आहे. आई धानाच्या बांधीत गेली. शेजारच्यांची गाय व्यायली. कोण भेटायला येऊन गेलं, काय म्हणालं. बाबा छताकडे बघत राहायचे. कधी डोळे माझ्याकडे वळायचे, पण ते माझ्यावर होते की माझ्यामागच्या भिंतीवर, हे कळत नसे. आठवडाभरातच माझ्याजवळचं बोलणं संपलं. आई सोडली तर आमच्या घरात मुळात बोलण्याची सवयच नव्हती. बाबांकडूनच तर मी गप्प राहायला शिकले होते.

एका दुपारी उशाशी बसून मी यांत्रिकीचं पुस्तक उघडलं. गोंदियाला जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेलं होतं ते. मनात वाचत होते, तेवढ्यात डॉक्टरीण बाईंचं बोलणं आठवलं, म्हणून मोठ्यानं वाचू लागले. इंग्रजी वाक्यं. पान संपलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं आहे. त्या बाजूला वळणं त्यांना जड जायचं, तरी ते वळले होते.

मी पुस्तक मिटलं. म्हटलं, "बाबा, इंग्रजी राहू द्या. मी आपल्या बोलीत सांगतो." घरात आम्ही बायकाही अशाच बोलतो, सांगतो, जातो, करतो. "सूर्याभोवती पृथ्वी फिरते ना, ते जवळ आली की जोरानं पळते अन् दूर गेली की हळू होते." इथवर ठीक होतं. मग मीच मला विचारलं, काऊन? असं का? पुस्तकात त्याचं एक वाक्य होतं, आणि कॉलेजच्या पेपरात ते वाक्य लिहून मला पूर्ण गुण मिळाले होते. आता ते वाक्य सोडून सांगायला गेले तर पुढे शब्दच नव्हते. हे मला येत नाही, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. आणि मग असं कळलं की हे एकच नव्हे, बी.एस्सी.तलं पुष्कळ काही मला येत नाही. मला त्याची फक्त वाक्यं पाठ आहेत.

तिथून माझा अभ्यास सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही. सकाळी बाबांचं आवरून झालं की मी एक भाग वाचायची, वहीवर गणितं सोडवायची. दुपारी खाटेजवळ बसून तोच भाग बाबांना सांगायची, पुस्तक बंद करून. जिथे अडकेन तिथे पुन्हा पुस्तक. फोनवर व्याख्यानं बघता यायची, पण आमच्याकडे रेंज धड नसते. सालेकशाला औषधं आणायला गेले की बाजारात उभी राहून ती उतरवून घ्यायची. विद्युतक्षेत्राचा उगम आणि आटणं सांगताना बांधीतलं पाणी उपयोगी पडलं. कोणत्या बांधीत जितकं शिरलं तितकंच बाहेर पडलं आणि कोणत्या बांधीत मधूनच झरा फुटला, हे बाबांना सांगता येत होतं. पण बंद डब्यात अडकलेल्या सूक्ष्म कणाच्या धड्याजवळ आले तेव्हा घरातलं, शेतातलं, जंगलातलं काहीच कामी येईना. शेवटी मी म्हटलं, "बाबा, याच्यासारखं आपल्याकडे काहीच नाही. हे असंच मानून घ्यायचं, अन् गणित करायचं." ते बोलून झाल्यावर मलाच हायसं वाटलं होतं.

बाबांना यातलं काही कळत होतं असं मी म्हणणार नाही. लोक नंतर मला तसं विचारायचे, कौतुकानं. कळत नव्हतं. पण मी इंग्रजीत वाचू लागले की ते तोंड फिरवत आणि बोलू लागले की माझ्याकडे बघत, एवढं खरं होतं, आणि मला तेवढं पुरत होतं.

रोवणी संपता संपता बाबांच्या तोंडून एक आवाज वारंवार येऊ लागला. "येर." मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "जीभ वळून राहिली असेल." आम्हाला दोघींना आनंदच झाला. ते "येर" म्हणाले की मीही हसून "येर" म्हणायची, लहान मुलाला म्हणतात तसं. बाबा मग डोळे मिटून घ्यायचे.

त्याच सुमारास आत्या आली. बाबांची थोरली बहीण. दरेकशाच्या पलीकडे, अगदी राज्याच्या सीमेवरच्या जंगलातल्या एका गावात ती एकटी राहायची. शेतीची कामं उरकून, पाठीवर गाठोडं घेऊन ती दुपारची आली. चपला काढल्या, बाबांजवळ बसली. त्यांच्या चेहऱ्यावरून तिनं हात फिरवला. बाबा म्हणाले, "येर."

आत्या उठली. माठातलं पाणी गडव्यात घेतलं, बाबांच्या मानेखाली हात घालून त्यांना वर घेतलं आणि थोडं थोडं पाजलं. ते सगळं पाणी प्यायले. मग ती माझ्याकडे वळली.

"पानी मांगून राहिला तो. तुमाले समजत नाही का?"

येर म्हणजे पाणी. ते गोंडी होतं.

माझ्या बाबांना गोंडी येते हे मला माहीत होतं, पण ते माहीत असणं एखाद्या जुन्या गोष्टीसारखं होतं. आम्ही गोंडच, पण आईच्या गावानं गोंडी केव्हाच सोडली होती. बाबा लग्नानंतर कामासाठी इकडे आले ते इथलीच बोली बोलू लागले. मी लहान असताना आईनं एकदा त्यांना म्हटलं होतं, पोरीले थोडी तुमची भाषा शिकवा. ते म्हणाले होते, "कायले? शाळेत हासतात." ते स्वतः त्या हसण्यातून गेले होते. त्यानंतर घरात गोंडी झाली नाही. मी कॉलेजची तिन्ही वर्षं गोंदियात हिंदी बोलले, पुस्तकं इंग्रजीत वाचली, मराठीत पेपर लिहिणाऱ्या मैत्रिणींना शिकवलं, आणि बाबांनी पाणी मागितलं ते मला कळलं नाही.

पुढच्या तपासणीला मी हे डॉक्टरीण बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "होता है ऐसा. बचपन की भाषा कभी-कभी पहले लौटती है. घर में कोई है वो भाषा बोलने वाला?" मी म्हटलं, बुआ आहे. त्या म्हणाल्या, "तो बुआ को जाने मत दो."

आत्या राहिली. तिच्या गावची कोंबड्या-बकऱ्यांची सोय कोणी केली, कशी केली, हे तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सकाळी ती बाबांशी गोंडीत बोलायची. दुपारी मी माझा विषय सांगायची, तेव्हा आत्या दाराजवळ बसून तांदूळ निवडत ऐकायची. काही दिवस गेल्यावर तिनं विचारलं,

"तो समजून राहिला का त्यातलं?"

"नाही."

"मंग कायले सांगून राहिलीस?"

"सांगितलं की मले समजते."

आत्यानं सूप झटकलं. "असं होय," म्हणाली आणि पुन्हा निवडू लागली. पुढे कोणी शेजारीण येऊन, हे पोरीचं काय चाललंय असं विचारू लागली की आत्याच उत्तर द्यायची, "अभ्यास करून राहिली ते. गप्प बस."

बाबांचा दुसरा शब्द होता हिल्ले. म्हणजे नाही. औषध नको असलं की हिल्ले, कुशीवर वळवलं की हिल्ले. माझ्या शिकवण्यातही अधूनमधून तो यायचा. एखाद्या वेळी मी भलतंच गुंतागुंतीचं बोलत असायची आणि खाटेवरून यायचं, "हिल्ले." मी थांबायची, मागे जायची, पुन्हा सोपं करून सांगायची. तो शब्द माझ्यासाठी नसेलही, पाठ दुखत असेल, माशी बसली असेल. पण थांबण्यानं माझं नुकसान कधी झालं नाही.

फेब्रुवारीत परीक्षा झाली. केंद्र नागपूरला आलं होतं. आईला बाबांजवळ राहणं भाग होतं, म्हणून आत्या माझ्यासोबत आली. ती नागपूरला पहिल्यांदाच येत होती. केंद्राच्या फाटकाबाहेर इतर मुलांचे आईवडील झाडाखाली बसले होते, त्यांच्यात ती जाऊन बसली. आत गेल्यावर माझ्यासमोर संगणक होता. तो मला वापरता येत नव्हता असं नाही, पण माझा सगळा अभ्यास वहीवर आणि फोनवर झालेला. पडद्यावरचं गणकयंत्र माऊसनं एकेक आकडा दाबत चालवायचं होतं. माझा माऊस सारखा भलतीकडे जायचा. येणारी उदाहरणं आकडेमोडीत अडकू लागली, घड्याळ पुढे जात राहिलं, आणि शेवटी घाबरून मी अंदाजानं उत्तरं ठोकली. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात हे ठाऊक असून ठोकली.

बाहेर आले तेव्हा आत्यानं माझं तोंड बघितलं. "भूक लागली असेल," एवढंच म्हणाली.

निकाल लागला त्यात माझा नंबर इतका खाली होता की कुठल्याच संस्थेत जागा मिळण्यासारखी नव्हती. मी सरांना फोन केला. त्यांनी समजावलं, असं होतं, एवढ्या मुलांतून पहिल्या प्रयत्नात फार थोड्यांना जमतं. मी हो हो म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर मोह वेचायला म्हणून रानात गेले आणि टोपली भरेपर्यंत परतले नाही. दुसऱ्या दिवशीही गेले, तिसऱ्या दिवशीही. मोह वेचायला डोकं लागत नाही. झाडाखाली वाकून एकेक फूल उचलत राहायचं. गावातल्या माझ्यापेक्षा लहान मुलींची लग्नं ठरत होती. बी.एड.चे फॉर्म निघाले होते.

दुपारी मी खाटेजवळ बसणं सोडून दिलं होतं. बाबांशी आता आत्याच बोलायची. एके दिवशी टोपली घेऊन घरी आले तर सपरीत आत्या आणि आई दोघी बोलत होत्या. मी आत पाऊल टाकल्यावर आत्या म्हणाली, "दुपार झाली का हा दाराकडे पाहून राहते. मी बोलतो तरी तिकडेच पाहते."

"सवय झाली असेल," मी म्हटलं.

"हो. सवयच." मग म्हणाली, "तुले परीक्षा द्याची नसेल तर नको देऊ. पन बस त्याच्याजवळ. दुसरं काही सांग."

दुसरं काही माझ्याकडे अजूनही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाटेजवळ गेले. काय सांगावं कळेना, म्हणून नागपूरच्या पेपरात चुकलेली उदाहरणं सांगू लागले. हे इथे चुकलं, हे घाईत चुकलं, हे आलंच नाही. सांगता सांगता त्यातलं एक सुटलं. मग दुसरं घेतलं. असा दुसऱ्या वर्षीचा अभ्यास सुरू झाला. मी मोठा निश्चय वगैरे केला नव्हता.

या वेळी सालेकशात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराला मी विचारलं की दुपारी गिऱ्हाईक नसताना संगणकावर बसू देशील का. तो म्हणाला, "बैठ जाओ दीदी, ऐसे भी खाली रहता है." आठवड्यातून एक-दोनदा मी तिथे जाऊन सरावाचे पेपर सोडवायची. आधी माऊसची भीती गेली. मग अंदाजानं उत्तर ठोकायची खोड गेली. ती जायला जास्त दिवस लागले. न येणारं उदाहरण सोडून पुढे जाणं हे येणारं सोडवण्यापेक्षा अवघड असतं.

त्या वर्षात बाबा काठी धरून सपरीपर्यंत येऊ लागले. उजवा हात परत आला नाही. बोलणं मात्र वाढत गेलं, आणि सगळं गोंडीत. मराठीचे शब्द मध्ये कुठे कुठे यायचे, धान, दवाखाना, वनरक्षक असे. आई गोंधळून जायची. इतकी वर्षं ज्या माणसाशी संसार केला त्याचं बोलणं आता तिला नणंदेकडून समजून घ्यावं लागत होतं. एकदा ती चुलीजवळ मला म्हणाली, "माह्याशी बोलत नव्हते तेच बरं होतं. आता बोलतात, अन् मले समजत नाही." तिनं ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. नुसतं सांगितलं.

मी आत्याकडून शब्द शिकू लागले. ये, जा, भात, आग, आपलं घर. चुकीचं बोलले की आत्या सुधारायची आणि बाबा खाटेवरून पाहत राहायचे. परीक्षा जवळ आली तसं ते मागे पडलं.

दुसऱ्यांदा परीक्षा दिली तेव्हाही आत्याच सोबत होती. बाहेर आले तेव्हा मला नीट सांगता येत नव्हतं कसा गेला. काही उदाहरणं मी सोडून दिली होती आणि ती सोडल्याचं मला वाईट वाटत नव्हतं, एवढंच.

निकालाच्या दिवशी घरी रेंज नव्हती. सालेकशाच्या त्या दुकानातच जाऊन पाहिला. दुकानदारानं माझा नंबर बघून विचारलं, "ये अच्छा है क्या?" मी म्हटलं, चांगला आहे. त्यानं समोरच्या टपरीवरून चहा मागवला. पुढचे सोपस्कार होत होत दक्षिणेतल्या एका संस्थेत मला जागा मिळाली. गाडीनं जायला दीड दिवस लागणार होता.

जागा मिळाली तेव्हा मला जो आनंद व्हायला हवा होता तो झाला, पण फार वेळ टिकला नाही. मी गेल्यावर बाबांचं कसं, हा प्रश्न घरात कोणी मोठ्यानं विचारत नव्हतं. शेवटी मीच आईला म्हटलं की गोंदियातच एम.एस्सी. करते, रोज जाऊन येऊन. आई भात काढत होती. ती थांबली.

"दोन वर्षं त्यांच्या उशाशी बसून शिकलीस ते गोंदियाले जायासाठी का?"

"मंग बाबांचं?"

उत्तर आत्यानं दिलं. "मी आहो ना. मी कुठी जाऊन राहिली?" आणि मग जरा रागानंच म्हणाली, "तुह्याशिवाय चालत नाही असं नोको समजू. चालते."

तिचं ते बोलणं मला लागलं. पण ते खरं होतं, आणि मला जाता यावं म्हणूनच ती तसं बोलली होती.

निघायच्या सकाळी आत्यानं बाबांची दाढी करून त्यांना धुतलेला सदरा घातला होता. मी पाया पडले. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ ठेवला. माझ्या बॅगेकडे बघून त्यांनी मान हलवली. शेजारचा मुलगा मोटारसायकल घेऊन आला होता, मागे बॅग बांधली आणि मी निघाले.

संस्थेतलं पहिलं सत्र कठीण गेलं. तिथली मुलं मोठ्या शहरांतून आली होती, भराभर इंग्रजी बोलायची. वाचनालयात सगळे मान खाली घालून मुकाट्यानं वाचायचे, आणि मला मुकाट्यानं वाचून काही कळत नव्हतं. रोज संध्याकाळी मी घरी फोन करायची. आत्या फोन बाबांच्या कानाला लावायची. मी त्या दिवशी वर्गात जे झालं ते सांगायची. पलीकडून श्वास ऐकू यायचा. कधी आत्या मध्येच म्हणायची, झोपला तो. मग काही दिवस घरी रेंज नसायची, काही दिवस माझ्याच असाइनमेंट असायच्या. फोन रोजचा होता तो दोन दिवसांनी होऊ लागला, पुढे आठवड्यावर गेला.

दिवाळीत घरी आले तेव्हा धान कापणीला आलं होतं. घराच्या वळणावरूनच मला सपरीतून हसण्याचा आवाज आला. आत्याचं हसणं मी ओळखलं. ती काहीतरी म्हणे, आणि मग एक पुरुषाचा आवाज, सलग, चढत उतरत, मध्ये थांबून पुन्हा वेग घेणारा. मला वाटलं कोणी पाहुणा आलाय.

बाबा होते. भिंतीला पाठ टेकून बसले होते आणि डावा हात हलवत आत्याला काहीतरी सांगत होते. माझ्याकडे बघून थांबले, हसले. तोंड अजून किंचित वाकडंच होतं. मी पाया पडले, बाजूला बसले. आत्या डोळे पुसत होती, हसून हसून.

"काय सांगून राहिले?" मी विचारलं.

"ते असवलाची गोष्ट. जाळरेषेवर असवल आलं होतं, अन् साहेब झाडावर." ती पुन्हा हसू लागली. "लहानपनी असाच होता हा. आमच्या गावात लोक याले बोलवून बसवायचे. हा सांगे अन् सगळे हासत."

मी बाबांकडे बघितलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांच्याकडून एकही गोष्ट ऐकली नव्हती. बाबा गमत्ये होते. गावानं त्यांना बोलावून बसवावं इतके. आणि आमच्या घरात ते इतकी वर्षं हुंकार देत बसले होते, परक्या बोलीत.

"मले सांग ना," मी आत्याला म्हटलं.

आत्यानं सांगितलं. साहेब झाडावर चढले, अस्वल खाली बसलं, बाबा आणि दुसरा मजूर झुडपात. गोष्ट संपली. मी हसले नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. आत्या स्वतःच म्हणाली, "मराठीत नाही जमत ते." बाबांना आत्याची ही फजिती फार आवडली. ते खांदे हलवून हसू लागले.

आई आतून चहा घेऊन आली आणि तीही सपरीत बसली. ती पूर्वी बसायची तशी दाराशी न बसता खाटेला टेकून बसली. मला म्हणाली, "मलेही थोडं थोडं समजते आता." बाबांनी तिच्याकडे बघून गोंडीत काहीतरी म्हटलं, आणि तिनं त्यांच्या हातात कप दिला.

मी खाटेजवळ सरकले. माझ्याजवळचे मोजके शब्द जोडून मी बाबांना म्हटलं की पुन्हा सांगा, हळू. शब्दांचा क्रम चुकला असणार, कारण आत्यानं तोंडावर पदर धरला. बाबांना मात्र समजलं. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. या वेळी ते दर वाक्यानंतर थांबत होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते.